न दुखणारी जखम



आज आपण पायाविषयी बोलू. पाय हा आपला जुना गडी. नांगरामागे तो चालतो, वारीला तो चालतो, डोंगरावरून मोळी आणायची तर तीही त्याच्याच जिवावर. पण त्याच्याकडे कोणी बघत नाही. तोंड आपण रोज आरशात बघतो. स्वतःचा तळवा शेवटचा कधी बघितला, सांगा बरे?

आम्ही काही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालो, गुरुजी झालो आणि जन्मभर पोरांना बाराखडी शिकवली. पण गेली दोन वर्षे ह्या विषयात आम्ही लक्ष घातले आहे. त्याचे कारण पुढे येईल. डॉक्टरांना विचारले, पुस्तके चाळली. जे पक्के कळले तेवढेच इथे सांगतो.

साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह, तुम्हाला माहीत आहे. हा शहरातल्या शेटजींचा आजार, असे आपण समजत होतो. तसे आता राहिलेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली छापून आले. देशात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे, असे त्यात दिसले. खेड्यापाड्यांतल्या मोठ्या माणसांत शंभरात सुमारे ९ जणांना तो आहे. म्हणजे ह्या देवळासमोर शंभर माणसे बसली, तर त्यांत नऊ निघायची. त्यांतल्या काहींना तर तो झाल्याचा पत्ताही नसायचा.

हा आजार डोळ्यांना त्रास देतो, मूत्रपिंडाला देतो, काळजाला देतो. ते सगळे आज नको. आज फक्त पाय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडे सगळ्यालाच शीर म्हणतात, नाहीतर नस म्हणतात. ‘माझी शीर दुखते’, ‘नस आखडली’, असे आपण बोलतो. पण अंगात दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. एक रक्त नेणारी नळी. तिला रक्तवाहिनी म्हणतात. दुसरी निरोप नेणारी दोरी. तिला मज्जातंतू म्हणतात. पायात काटा मोडला की ‘काटा मोडला’ हा निरोप ह्या दोरीवरून वर मेंदूपर्यंत जातो. मग तोंडातून ‘आई गं’ निघते आणि पाय आपोआप उचलला जातो. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते.

रक्तात साखर फार दिवस वाढलेली राहिली की ह्या दोऱ्या खराब होतात. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या दोऱ्या सगळ्यांत लांब. म्हणून बहुधा त्यांच्यापासूनच सुरुवात होते. आधी दोन्ही पायांची बोटे, मग चवडा, मग घोटा. मोजा चढवावा तसा बधिरपणा वर चढतो. कोणाच्या पायाला मुंग्या येतात. कोणाचे तळवे रात्री आगीवर ठेवल्यासारखे जळतात. कोणाला कापसावर चालल्यासारखे वाटते. आणि चप्पल पायातून गळून पडली तरी कळत नाही, माणूस तसाच दहा पावले पुढे जातो. हे घरच्यांनी पाहिले तर हसण्यावारी नेऊ नये.

पुढे जळजळ थांबते. माणूस खूश होतो. म्हणतो, बरे वाटले. पण कधी कधी दोरी पार मेली म्हणूनही ती थांबलेली असते.

आमच्या शाळेत एक शिपाई होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. शाळेची घंटा, पाण्याचा रांजण, झाडांची आळी, सगळे त्यांच्याकडे. आमच्याआधी दोन वर्षे ते निवृत्त झाले. एके दिवशी तात्या तालुक्याच्या बाजाराला गेले आणि संध्याकाळी परत आले. सुनेने पाहिले तर अंगणापासून ओटीपर्यंत रक्ताची पावले उमटलेली. चपलेच्या तळातून खिळा वर आला होता आणि दिवसभर पायात रुतत होता. तात्यांना काहीच कळले नव्हते. सुनेने आरडाओरडा केला, तेव्हा त्यांनी पाय वर करून बघितला.

तुमच्या-आमच्या पायात खिळा गेला तर आपण चालू का? लंगडू, खाली बसू, चप्पल भिरकावून देऊ. जखम झाली तर आठ दिवस त्या पायावर भार देणार नाही. आणि भार न दिल्यामुळे ती भरून येईल. तात्या मात्र त्या जखमेवर चालत राहिले. दळण आणले, पाणी भरले. दुखतच नव्हते, तर बसायचे कशाला? वरून हळद भरली, चुना लावला, चिंधी बांधली. सहा महिने झाले तरी भोक बुजेना.

दरवेळी खिळाच लागतो असे नाही. तंतू खराब झाले की पावलाचे बारीक स्नायू दुबळे होतात आणि बोटे वाकडी होतात. मग सगळा भार चवड्याच्या एकाच ठिकाणी पडतो. तिथे घट्टा पडतो. घट्टा दगडासारखा खालच्या मांसाला चेचतो. आत रक्त साचते आणि एक दिवस ते फुटते. शिवाय तळव्याला घाम येत नाही, कातडी कोरडी होते, भेगा पडतात. भेगेतून माती जाते, पू होतो, हाड नासते. रक्तवाहिन्याही चोंदलेल्या असल्या तर मग पाय कापण्यापर्यंत पाळी येते.

ह्या न दुखण्याचे कोडे चांगले उलगडले ते कुष्ठरोग्यांमध्ये, आणि तेही आपल्याच देशात. ती हकीकत थोडी सांगितली पाहिजे. तमिळनाडूत वेल्लोर नावाचे गाव आहे. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली पॉल ब्रँड नावाचे सर्जन आले. जातीचे इंग्रज, पण जन्म इथलाच, १९१४ सालचा, कोल्ली डोंगरातला. त्या काळी सगळे म्हणत की महारोगाने मांस सडते आणि बोटे झडतात. ब्रँडसाहेबांनी पाहिले तर तसे नव्हते. त्या माणसांचे मांस तुमच्या-आमच्यासारखेच बरे होत होते. मेलेले होते ते मज्जातंतू. एकदा एक कुलूप गंजून बसले होते. साहेबांना ते उघडेना. एका कुष्ठरोगी पोराने झटक्यात किल्ली फिरवली. साहेबांनी त्याचा हात बघितला तर किल्लीने बोट हाडापर्यंत कापले होते आणि पोराला त्याची खबर नव्हती. काही रोग्यांची बोटे रात्रीतून कमी व्हायची. पाळत ठेवली तेव्हा कळले की झोपेत उंदीर कुरतडत होते. मग रोग्यांना मांजरे पाळायला दिली! हसू नका. ते औषध लागू पडले.

पायाच्या जखमेवर तिथे प्लास्टर घालत. हाड मोडल्यावर घालतात तसेच, पण पावलाला सगळीकडून चिकटून बसणारे. त्यामुळे भार एका ठिकाणी न पडता सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. जखमेला विसावा मिळतो आणि ती भरून येते. नंतर घालायला मऊ स्पंजासारख्या रबराच्या चपला दिल्या. वरोऱ्याजवळच्या आनंदवनासारख्या ठिकाणी ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांनी अशा चपला पाहिल्या असतील. १९६६ साली ब्रँडसाहेब अमेरिकेत कारव्हिल इथल्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात गेले. तिथे मधुमेह्यांच्या पायावरच्या जखमाही त्यांनी पाहिल्या आणि ओळखल्या. ह्या तर त्याच जखमा! प्लास्टरचा तोच उपाय मधुमेह्यांना लागू पडला. आज जगभर तो करतात. ज्या रोग्यांना आपण गावाबाहेर काढले, त्यांच्या पायांवर शिकलेली ही विद्या आहे. साखर झालेल्या श्रीमंताचा पायही तिनेच वाचतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मागच्या आठवड्यात कोणी तरी विचारले होते, ‘गुरुजी, आता म्हणे बारीक भोक पाडून नस मोकळी करतात आणि साखरेची जखम बरी होते. खरे का?’ तात्यांच्या मुलानेही आम्हाला हेच विचारले होते. त्याच्या मोबाईलवर शहरातल्या एका दवाखान्याची जाहिरात आली होती. बिनदुखीची छोटी शस्त्रक्रिया, जखम कायमची जाणार. पैसा इतका होता की पोरगा विहिरीजवळची एक एकर गहाण टाकायला निघाला होता. कागद कोणता करायचा हे विचारायला तो आमच्या ओट्यावर आला. कागद राहू दे, आधी ही शस्त्रक्रिया काय आहे ते बघू, असे आम्ही त्याला सांगितले.

ही शस्त्रक्रिया थापेबाजी नाही. तिच्यामागे विचार आहे, आणि तो समजायला अवघड नाही. आतल्या बाजूचा घोटा चाचपा. त्याच्या मागे बोट ठेवा. तळव्याला जाणारी मोठी दोरी तिथून जाते. ती एका अरुंद बोगद्यातून जाते. खाली हाड आणि वरून एक चिवट पट्टी. मधुमेहात मज्जातंतूच्या आत साखरेपासून एक पदार्थ साचतो, तो पाणी ओढतो आणि तंतू फुगतो. भिजलेला सुंभ फुगतो, तसा. बोगदा मात्र होता तेवढाच राहतो. मग दोरी आवळली जाते. म्हणजे दुखणे दुहेरी झाले. एक साखरेने खराब होणे आणि दुसरे आवळले जाणे. साखरेने झालेले नुकसान सुरीने निघत नाही. पण आवळणारी पट्टी कापता येते. अमेरिकेत बाल्टिमोरचे सर्जन ली डेलन ह्यांनी हा विचार पुढे आणला आणि अशा शस्त्रक्रियांचा अहवाल १९९२ साली छापला. कुष्ठरोगातही नेमकी हीच दोरी ह्याच बोगद्यात सुजते, आणि आपल्याकडचे सर्जन तिथे ती मोकळी करत आले आहेत.

पूर्वी ह्यासाठी घोट्यापाशी लांब चिरा घेत. आता काही सर्जन लहानसा छेद घेतात, बारीक दुर्बीण आत घालतात आणि तिच्यातून बघून पट्टी कापतात. लहान छेदाचे महत्त्व काय? मधुमेह्याची कुठलीही जखम उशिरा भरते. पायाची एक जखम बरी करायला जावे आणि घोट्यावर दुसरी मोठी करून ठेवावी, असे होऊ नये म्हणून छेद जितका लहान तितका बरा. ‘भोक पाडून’ म्हणतात ते हेच. पण त्या भोकातून जखमेवर औषध जात नाही, की जखम ओढून बंद होत नाही. दोरी मोकळी होते, एवढेच. पुढे तिच्यात जीव आला तर तळव्याला पुन्हा कळू लागेल आणि नवी जखम होण्याचे टळेल, अशी आशा असते. तेही लगेच नाही. मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंच-सव्वा इंच. घोट्यापासून अंगठ्यापर्यंत किती वीत आहे ते मोजा आणि महिन्यांचा हिशेब तुम्हीच करा.

मग गुण किती येतो? इथे डॉक्टरांचे एकमत नाही. अमेरिकेतल्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांच्या अकॅडमीने २००६ साली सगळा पुरावा तपासला आणि सांगितले की ही शस्त्रक्रिया गुणकारी असल्याचे अजून सिद्ध झालेले नाही. हॉलंडमधल्या डॉक्टरांनी एक युक्ती केली. एकाच माणसाच्या एका पायाची शस्त्रक्रिया केली आणि दुसरा पाय तसाच ठेवून ताडून पाहिले. त्याचे निकाल २०१४ साली आले. केलेल्या पायाच्या वेदना पुष्कळांच्या कमी झाल्या होत्या. पण वेदना कमी होणे वेगळे आणि जखम न होणे वेगळे. शस्त्रक्रियेनंतर जखमा परत कमी झाल्या, असेही काही सर्जनांनी लिहिले आहे. पण ज्यांची केली आणि ज्यांची केली नाही, असे दोन सारखे गट घेऊन चोख तुलना केल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवता येत नाही. आम्हाला विचाराल तर ‘जखम कायमची जाणार’ असे जो छापतो, त्याच्या दाराशी जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

तात्यांना आम्ही आणि त्यांचा मुलगा मिळून जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण कामाला पक्क्या. त्यांनी आधी पावलाच्या वरच्या बाजूला बोटे ठेवून नाडी बघितली. रक्त पोचत होते. जखमेत सळई घालून ती हाडाला लागते का, ते पाहिले. फोटो काढला. हाड नासलेले नव्हते. घट्टा तासून काढला आणि प्लास्टर घातले. दर आठवड्याला ते काढायचे, जखम बघायची, नवे घालायचे. तात्या वैतागले. एस.टी.च्या खेपा, पायाला ओझे. दोनदा त्यांनी ‘कापून टाका एकदाचा’ असे म्हटले. दहाव्या आठवड्यात जखम मिटली. पाऊण वर्षाची जखम होती. गोळ्यांनी साखर उतरत नव्हती, म्हणून इन्सुलिनही सुरू केले होते.

मग बाईंनी एक गंमत करून दाखवली. त्यांनी घोट्यामागे बोटाने टिचक्या मारल्या. उजव्या पायाला टिचकी मारताच तळव्यात वीज गेल्यासारखी झिणझिणी गेली. डाव्या पायात काहीच झाले नाही. ही खूण तिनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरांची, १९१५ सालची. झिणझिणी उठली म्हणजे त्या जागी दोरी आवळलेली आहे आणि तिच्यात थोडा जीव आहे, असा अंदाज धरतात. जी दोरी पार मेली, ती मोकळी करून काय उपयोग? बाई म्हणाल्या, ‘काका, उजव्या पायाचा विचार करता येईल. पण घाई नाही. साखर आधी आटोक्यात येऊ द्या. आणि शस्त्रक्रिया केली तरी चप्पल हीच घालायची आणि पाय रोज बघायचा, हे चुकणार नाही.’ तात्यांनी अजून काही ठरवलेले नाही. मऊ चप्पल घालून ते देवळापर्यंत येतात. विहिरीजवळची जमीन गहाण पडलेली नाही.

तेव्हा कोणी तुम्हाला अशी शस्त्रक्रिया सुचवली, तर रागावू नका आणि लगेच हो पण म्हणू नका. डॉक्टरांना विचारा, माझ्या पायात रक्त पोचते का? घोट्यामागे टिचकी मारल्यावर झिणझिणी येते का? जखमेत पू किंवा हाडाचे नासणे आहे का? तसे असेल तर आधी त्याचा उपाय हवा. प्लास्टर घालून पाहिले का? शस्त्रक्रिया वेदनेसाठी सुचवता की जखमेसाठी? डॉक्टरांना विचारायला लाजू नका. शिकून वाचायला लागलात, आता कागदावर सही करण्याआधी त्यावर काय लिहिले आहे तेही वाचा. खरा डॉक्टर प्रश्नाने चिडत नाही. आणि पायाला सूज आली, लाल झाला, वास मारू लागला किंवा बोट काळे पडले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा. त्यात उद्या नको.

आता घरच्या गोष्टी. ज्याला साखर आहे त्याने रोज रात्री तळवा बघावा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघावा. डोळ्यांना कमी दिसत असेल तर नातवाला बघायला सांगावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्या. भेगांना खोबरेल तेल चालेल, पण बेचक्यांत तेल नको. आंघोळीचे पाणी पायाने पाहू नये, कोपराने पाहावे किंवा घरातल्या दुसऱ्याला बघायला सांगावे. शेकोटीला पाय शेकू नयेत. कुरूप आणि घट्टे ब्लेडने कापू नयेत. चप्पल घालण्याआधी ती झटकावी आणि आत हात फिरवावा. आणि अनवाणी चालू नये, घरातसुद्धा.

इथे आमच्या भगिनी म्हणतील, नवरात्रात आम्ही नऊ दिवस अनवाणी असतो, त्याचे काय? वारकरी बाबा म्हणतील, देवळाच्या तापलेल्या फरशीवर चप्पल कशी चालेल? तुमच्या श्रद्धेच्या आड आम्ही येत नाही. पण ज्याचा तळवा बधिर आहे, त्याने नवस दुसऱ्या कशाचा तरी बोलावा. उन्हाच्या वेळी देवळात जायचे तर जाड मोजे घालावे, नाहीतर सकाळी जावे.

आपला तळवा बधिर आहे की नाही हे कसे ओळखायचे? त्याला यंत्र लागत नाही. इंग्लंडमध्ये इप्सविच नावाचे गाव आहे. तिथल्या डॉक्टरांनी एक सोपी तपासणी काढली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. एकाने पाय मोकळे करून डोळे मिटायचे. दुसऱ्याने आपल्या बोटाचे टोक त्याच्या पायाच्या बोटाच्या शेंड्याला हलकेच लावायचे. पीस टेकल्यासारखे, एक-दोन सेकंद. दाबायचे नाही, ठोकायचे नाही, घासायचे नाही. आधी उजवा अंगठा, मग उजवी करंगळी. मग डावा अंगठा, डावी करंगळी. मग उजवे मधले बोट आणि शेवटी डावे मधले. स्पर्श कळला की डोळे मिटलेल्याने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचे. एका बोटाला एकदाच. कळले नाही म्हणून पुन्हा लावायचे नाही. सहांपैकी दोन किंवा जास्त बोटांना कळले नाही, तर त्या पायांची जाण कमी झाली आहे असे धरावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

चला, दोघे-दोघे समोरासमोर बसा. बायकांनी बायकांचे बघावे, पुरुषांनी पुरुषांचे. ज्याची साखर कधी तपासलेली नाही, त्यानेही बसावे. वहीत सहा रेघा ओढा. कळले तिथे बरोबरची खूण, कळले नाही तिथे फुली. खाली स्वतःचे नाव आणि आजची तारीख घाला. नाव स्वतःच लिहायचे, शेजाऱ्याकडून लिहून घ्यायचे नाही.